भावनांचे शब्द आणि भांडणाचा निवाडा : फ्रेंच शाळांतील एक पाठ

मधल्या सुट्टीत दोन मुलांचे भांडण जुंपते. एक रडत गुरुजींकडे येतो, दुसरा मान खाली घालून दूर उभा राहतो. "काय झाले?" या प्रश्नाला रडणारा मुलगा "ह्याने मारले" एवढेच उत्तर देतो, दुसरा काहीच बोलत नाही. गुरुजी दुसऱ्याला क्षमा मागावयास लावतात, तो ओठांतल्या ओठांत दोन शब्द पुटपुटतो, आणि प्रकरण मिटले असे समजून सर्वजण वर्गात जातात. दुसऱ्या दिवशी तेच भांडण पुन्हा उभे राहते. पहिल्याला काय लागले होते आणि दुसऱ्याने हात का उगारला, हे दोघांपैकी कोणीच सांगितलेले नसते. सांगावयाचे तर शब्द हवेत, आणि ते पुष्कळदा मुलांजवळ नसतात.

हा अनुभव कोणत्याही एका देशाचा नाही. परंतु फ्रान्समधील प्राथमिक शाळांत या उणिवेचा विचार भाषाशिक्षणाचा एक भाग म्हणून केला जातो, ही गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. तेथे बालकांना रंगांची, फळांची, प्राण्यांची नावे शिकवितात, त्याचप्रमाणे भावनांचीही नावे शिकवितात. आणि त्या नावांचा उपयोग करून आपले भांडण आपणच कसे मिटवावे, याचाही पाठ देतात. फ्रेंच भाषा शिकविणे हे खेड्यातील मराठी शाळेचे काम नव्हे. तथापि परक्या भाषेतील हे शब्द न्याहाळले असता आपल्या भाषेतील शब्दांकडे पाहण्याची दृष्टी अधिक स्वच्छ होते, म्हणून त्यांचा परिचय येथे करून दिला आहे.

एका खेड्यातील शिक्षकाचा प्रयोग

या विचाराची परंपरा जुनी आहे, आणि तिचा एक मोठा आधार एका ग्रामीण शिक्षकाच्या कामात आहे. सेलेस्तँ फ्रेने यांचा जन्म १८९६ साली दक्षिण फ्रान्समधील गार या डोंगराळ खेड्यात झाला. पहिल्या महायुद्धात १९१७ साली ते जबर जखमी झाले आणि त्यांची फुप्फुसे कायमची दुबळी झाली. १९२० साली बार-स्युर-लू या गावच्या शाळेत ते शिक्षक म्हणून रुजू झाले. परंतु फार वेळ मोठ्याने बोलून शिकविणे त्यांना झेपेना. तेव्हा मुलांनीच पाहावे, लिहावे, बोलावे आणि काम करावे, अशी रचना त्यांनी हळूहळू वर्गात आणली. मुलांचे लेखन छापण्यासाठी त्यांनी वर्गात छोटे मुद्रणयंत्र आणले. पुढे १९३५ साली वाँस येथे त्यांनी स्वतःची शाळा उघडली. १९६६ साली ते निवर्तले.

फ्रेने यांच्या अनेक उपक्रमांपैकी भिंतीवरील वृत्तपत्र हा उपक्रम येथे महत्त्वाचा आहे. वर्गाच्या भिंतीवर मोठा कागद लावीत. त्यावर 'मी टीका करतो', 'मी अभिनंदन करतो', 'मला हवे आहे' आणि 'मी करून दाखविले' असे रकाने असत. ज्याला जे वाटेल ते त्याने लिहावे, मात्र खाली आपली सही करावी, असा नियम असे. हा कागद पुढे वर्गाच्या सभेत वाचला जाई आणि प्रत्येक तक्रारीवर सर्वांसमक्ष विचार होई. सहीच्या नियमामुळे निनावी चहाडीला वाव राहत नसे. आणि तक्रारीच्या शेजारीच अभिनंदनाचा रकाना असल्यामुळे सभा म्हणजे केवळ गाऱ्हाण्यांचा बाजार होत नसे. फेर्नां ऊरी (१९२०-१९९८) या दुसऱ्या फ्रेंच शिक्षकाने वर्गसभेची ही कल्पना शहरी शाळांत पुढे नेली.

आज फ्रान्समध्ये तीन वर्षांपासून शिक्षण सक्तीचे आहे; २०१९ च्या कायद्याने ही वयोमर्यादा सहावरून तीनवर आणली. त्यामुळे 'एकोल मातेर्नेल' म्हणजे बालशाळा ही सर्व मुलांची पहिली पायरी झाली. तेथील अभ्यासक्रमात भाषेला अग्रस्थान आहे. पुढील वर्गांसाठी २०१५ साली जो नीतिशिक्षण व नागरिकशिक्षणाचा अभ्यासक्रम सुरू झाला, त्यात आपल्या भावना ओळखणे व त्या शब्दांत मांडणे याचा स्पष्ट उल्लेख आहे.

भावनांची नावे

बालशाळेत प्रथम चार-पाच ठळक भावनांची नावे घेतात. 'झ्वा' म्हणजे आनंद, 'त्रिस्तेस' म्हणजे दुःख, 'पर्' म्हणजे भीती आणि 'कोलेर' म्हणजे राग. (फ्रेंच उच्चार देवनागरीत अचूक उतरत नाहीत, हे केवळ जवळपासचे लेखन समजावे.) आना येनास या चित्रकर्तीच्या, मूळ स्पॅनिशमधील व पुढे फ्रेंचमध्ये आलेल्या, एका चित्रपुस्तकाचा उपयोग पुष्कळ शाळांत करतात. त्यात आनंदाला पिवळा, दुःखाला निळा, रागाला तांबडा, भीतीला काळा आणि शांतीला हिरवा असा रंग दिलेला आहे. ज्या बालकाला अद्याप शब्द सापडत नाही, ते रंगाकडे बोट दाखविते. आणि शिक्षिका त्या रंगाचे नाव भावनेच्या नावाला जोडून देते.

यानंतर छटा येतात, आणि खरे भाषाशिक्षण तेथेच सुरू होते. रागाची एक शिडी पाहावी. मनासारखे झाले नाही तर 'कोंत्रार्ये', कोणी सारखे खोडी काढीत असेल तर 'आगासे', संयम सुटू लागला की 'एनेर्वे', राग आला की 'फाशे', आणि तो अनावर झाला की 'फ्यूर्य'. मराठीतही अशी शिडी आहे : खट्टू होणे, वैतागणे, चिडणे, रागावणे, संतापणे. ज्या मुलाजवळ 'राग' हा एकच शब्द आहे, त्याला प्रत्येक प्रसंगी शिडीच्या टोकावरच उभे राहावे लागते. ज्याला 'मी वैतागलो आहे' असे म्हणता येते, त्याला खालच्या पायरीवरच थांबण्याची सोय मिळते.

शब्दांचा इतिहासही मुलांना गोडी लावतो. 'कोलेर' हा शब्द पित्तवाचक लॅटिन शब्दापासून आला आहे. कॉलरा या रोगाचे नावही त्याच मुळाचे. शरीरातील पित्त वाढले की माणूस रागीट होतो, अशी युरोपातील प्राचीन वैद्यांची समजूत होती. मराठी माणूसही 'त्याचे पित्त खवळले' असे म्हणतोच. त्याचप्रमाणे 'बूदे' म्हणजे रुसणे. या क्रियापदापासून 'बूद्वार' हा शब्द झाला; श्रीमंत घरातील स्त्रीच्या खासगी दालनाचे ते नाव असले तरी मूळ अर्थ 'रुसून बसण्याची खोली' असाच आहे. कैकेयीच्या कोपगृहाची कथा ज्या मुलांनी ऐकली आहे, त्यांना हा शब्द क्षणात कळेल.

इंग्रजी जाणणाऱ्या शिक्षकाने मात्र काही शब्दांशी सावध राहावयास हवे. फ्रेंच 'देसेप्स्यों' याचा अर्थ फसवणूक नव्हे, तर अपेक्षाभंग. 'ब्लेसे' याचा अर्थ धन्य नव्हे, तर जखमी किंवा दुखावलेला. 'साँसीब्ल' म्हणजे समंजस नव्हे, तर हळवा. भावनेचा शब्द चुकला की साऱ्या तक्रारीचा अर्थच बदलतो.

भावना मांडण्याची वाक्यरचना

शब्दांइतकीच वाक्याची घडणही विचार करण्यासारखी आहे. फ्रेंचमध्ये भीती 'असते' ती मालकीच्या वस्तूसारखी : 'झे पर्', शब्दशः 'मजजवळ भीती आहे'. लाजेचेही तसेच : 'झे ओंत'. राग मात्र एखाद्या जागेसारखा आहे : 'झ स्वी आँ कोलेर', म्हणजे 'मी रागात आहे'. दुःख हे विशेषण होऊन येते : 'झ स्वी त्रिस्त', 'मी दुःखी आहे'. फ्रेंच शिकणारा मराठी विद्यार्थी येथे हमखास चुकतो. तो भीतीसाठीही 'मी आहे' हीच रचना वापरतो. म्हणून असे शब्द सुटे पाठ न करता वाक्यासकट पाठ करावेत, हा नियम उपयुक्त ठरतो.

मराठीची रीत आणखी निराळी आहे. 'मला राग आला', 'मला भीती वाटते', 'मला लाज वाटली'. येथे राग हा बाहेरून आलेल्या पाहुण्यासारखा आहे. जो आला तो जाणारही. 'तू रागीट आहेस' असे म्हटले की तो मुलाचा स्वभाव ठरतो. 'तुला राग आला आहे' असे म्हटले की ती केवळ त्या घटकेची अवस्था ठरते. मातृभाषेने दिलेली ही सोय शिक्षकांनी वाया जाऊ देऊ नये.

भांडणाच्या संदर्भात एक फ्रेंच भेद फार मार्मिक आहे. 'फाशे कोंत्र' म्हणजे अमक्यावर रागावलेला. 'फाशे आवेक' म्हणजे अमक्याशी बोलणे सोडलेला. शब्द एकच, परंतु पुढील शब्दयोगी अव्यय बदलले की अर्थ बदलतो. मुलांच्या मराठीत पहिला राग व दुसरी कट्टी. राग तासाभरात ओसरतो, कट्टी आठवडाभर टिकते. आणि शिक्षकाचे लक्ष बहुधा रागाकडे जाते, कट्टीकडे जात नाही.

'स्पष्ट निरोप'

भावनांचे शब्द शिकल्यावर त्यांचा वापर करण्यासाठी जी रीत फ्रेंच वर्गांत पुष्कळ ठिकाणी रूढ झाली आहे, तिला 'मेसाझ क्लेर', म्हणजे 'स्पष्ट निरोप', असे म्हणतात. दोषारोप करणाऱ्या 'तू'ऐवजी 'मी'पासून वाक्य सुरू करावे, हा विचार अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉमस गॉर्डन (१९१८-२००२) यांनी मांडला होता. फ्रेंचभाषी क्वेबेकमधील दानियेल झास्मँ या शिक्षिकेच्या वर्गसभेविषयीच्या लेखनातून व पुढे फ्रान्समधील सहकारी शिक्षणपद्धतीच्या पुरस्कर्त्यांकडून ही रीत शाळांत पसरली. तिच्या पायऱ्या अशा आहेत :

१. दुखावलेले मूल दुसऱ्याजवळ जाऊन विचारते, "मला तुला एक स्पष्ट निरोप द्यावयाचा आहे. ऐकशील का?"

२. ते घडलेली गोष्ट सांगते : 'काँ त्यू...', म्हणजे 'तू जेव्हा...'. येथे केवळ घटना सांगावयाची. शिवी किंवा शेरा नाही.

३. ते आपली भावना सांगते : 'झ म साँ...', 'मला असे वाटते...'.

४. ते आपली मागणी सांगते : 'झ वूद्रे...', 'माझी इच्छा आहे की...'.

५. शेवटी ते विचारते : 'एस्क त्यू आ कोंप्री?', 'तुला समजले का?' मग दुसरे मूल उत्तर देते, आणि जमल्यास भरपाई करते.

एक उदाहरण घ्यावे. रांगेत ढकलाढकली झाली. नेहमीचे वाक्य असते 'त्यू मेनेर्व', म्हणजे 'तू मला चीड आणतोस'. हे ऐकताच समोरचा मुलगा आपला बचाव सुरू करतो. स्पष्ट निरोपात तेच असे येते : "तू मला रांगेत मागून ढकललेस, तेव्हा मी पडेन अशी मला भीती वाटली. पुढे जावयाचे असेल तर मला सांगावेस. समजले का?" या वाक्यात नाकारण्याजोगे फारसे काही उरत नाही. ढकलले की नाही यावर वाद होऊ शकेल. परंतु 'मला भीती वाटली' हे कोणी खोटे पाडू शकत नाही. शिवाय ढकलणाऱ्याला प्रथमच एक नवी गोष्ट कळते. ज्याला तो चिडका समजत होता, तो वास्तविक घाबरला होता. पुष्कळ वेळा रागाच्या मागे भीती, लाज किंवा अपेक्षाभंग दडलेला असतो. आणि त्याला नाव मिळाल्यावाचून भांडणाचे मूळ हाती लागत नाही.

ही रीत एका दिवसात साधत नाही. शिक्षक प्रथम काल्पनिक प्रसंग घेऊन दोन मुलांकडून संवाद करवून घेतात. शांत वेळी सराव झाला तरच रागाच्या वेळी शब्द तोंडी येतात. निरोप देऊनही समाधान झाले नाही तर मूल शिक्षकाकडे किंवा वर्गसभेकडे जाते.

क्षमा : मागणे आणि देणे

भांडणाचा शेवट दर्शविणारे फ्रेंच शब्दही अर्थपूर्ण आहेत. मुले आपसांत 'फेर ला पे' म्हणतात, म्हणजे 'शांती करणे'; ही त्यांची गट्टी होय. मोठी माणसे 'झ मेक्स्क्यूझ' असे सर्रास म्हणतात. परंतु शब्दशः त्याचा अर्थ 'मी स्वतःला माफ करतो' असा होत असल्यामुळे काटेकोर शिक्षक तो प्रयोग खोडून काढतात. आपणच आपल्याला माफ करून टाकले, तर दुखावलेल्याचे काय उरले? म्हणून 'एक्स्क्यूझ म्वा' म्हणजे 'मला माफ कर', किंवा 'झ त दमाँद पार्दों' म्हणजे 'मी तुझ्याजवळ क्षमा मागतो', असे म्हणण्यास ते शिकवितात. 'पार्दों' या शब्दाच्या पोटात 'देणे' या अर्थाचे क्रियापद आहे. मराठीतही क्षमा मागावयाची असते. जी वस्तू मागावयाची, ती देणे न देणे दुसऱ्याच्या हाती असते. शिक्षकाच्या धाकाने उच्चारलेली क्षमा या कसोटीला उतरत नाही. कारण तेथे मागणारा खरोखर मागत नाही, आणि देणाऱ्याला कोणी विचारीत नाही.

रीतीची मर्यादा

स्पष्ट निरोप हा सर्व दुखण्यांवरचा उपाय नव्हे, हेही फ्रेंच शिक्षकांनी ओळखले आहे. दोन बरोबरीच्या मुलांतील लहान तंट्यासाठी तो आहे. एकाच मुलाला अनेकांनी मिळून, दिवसानुदिवस छळणे हा तंटा नव्हे. अशा छळाला फ्रेंचमध्ये 'आर्सेलमाँ' असे म्हणतात, आणि शाळेतील छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरविणारा कायदा तेथे २ मार्च २०२२ रोजी झाला. अशा प्रसंगी पीडित मुलाला "तूच जाऊन त्याच्याशी बोल" असे सांगणे म्हणजे त्याला पुन्हा छळणाऱ्याच्या हाती देणे होय. तेथे मोठ्या माणसानेच मध्ये पडले पाहिजे. गंभीर मारहाणीच्या बाबतीतही तसेच. म्हणून हे दोन मुलांमधील भांडण आहे की एकावरील अन्याय आहे, हा प्रश्न शिक्षकाने प्रथम स्वतःला विचारावयास हवा.

शाळेची भाषा परकी असलेले मूल

हा विषय सर्वांत निकडीचा होतो तो ज्यांच्या घरी फ्रेंच बोलत नाहीत अशा मुलांच्या बाबतीत. परदेशांतून नव्याने आलेल्या अशा मुलांच्या शाळाप्रवेशासाठी व त्यांना फ्रेंच शिकविणाऱ्या खास वर्गांसाठी फ्रान्समध्ये २०१२ साली सविस्तर परिपत्रक निघाले. अशा मुलाला अंक व वस्तूंची नावे लवकर येतात. परंतु कोणी त्याची टोपी पळविली, तर 'हे मला लागले' असे सांगणारा शब्द त्याच्याजवळ नसतो. मग तो हात चालवितो. ज्याने टोपी पळविली, त्याला उत्तम फ्रेंच येते. त्याची बाजू शिक्षकांना प्रथम ऐकू येते, आणि दोषी ठरते ते मुके मूल. याकरिता भावनांचे शब्द हे शेवटच्या धड्यात ढकलण्याचे नव्हेत. 'मला भीती वाटते', 'थांब', 'मला हे नको', 'मला मदत करा' ही वाक्ये पहिल्या आठवड्यातच त्याच्या हाती पडावयास हवीत.

महाराष्ट्रातील शिक्षकांना हे चित्र अपरिचित नाही. मेळघाटातील कोरकू बोलणारे, नंदुरबारकडील भिली बोलणारे किंवा गडचिरोलीतील गोंडी व माडिया बोलणारे मूल मराठी शाळेत येते, तेव्हा तेही अशाच अवस्थेत असते. त्याच्या घरच्या भाषेत रागाला, भीतीला व रुसव्याला शब्द असतातच. शाळेला मात्र ते ठाऊक नसतात. अशा शाळेतील शिक्षकाने त्या भाषेतील आठ-दहा भावनावाचक शब्द मुलांकडूनच शिकून घेऊन फळ्याच्या कडेला मराठी शब्दांशेजारी लिहून ठेवले, तर त्या मुलाची बाजू ऐकून घेण्याचे निम्मे काम होईल.

वर्गात करता येण्याजोगे

वरील विवेचनातून कोणत्याही साधनावाचून, एकशिक्षकी शाळेतही करता येण्याजोग्या गोष्टी अशा निघतात. आठवड्यातून एक भावनाशब्द घ्यावा, तो मुलांच्या तोंडून वाक्यात वदवावा आणि त्याच्या शेजारच्या छटा विचाराव्यात. गोष्ट सांगताना मध्येच थांबून 'आता ह्याला काय वाटले असेल?' असे विचारावे. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर तक्रार, अभिनंदन, मागणी व काम असे चार रकाने आखून ते भिंतीवर लावावे, आणि शनिवारी अर्धा तास त्याचे वाचन करावे. भांडण झाल्यास 'कोणी सुरुवात केली?' हा प्रश्न बाजूस ठेवून 'काय घडले, तुला काय वाटले, तुला काय हवे आहे?' हे तीन प्रश्न दोघांनाही, एकामागून एक, विचारावेत. जो गप्प उभा आहे त्याला आधी विचारावे. बोलका आपली बाजू मांडणारच असतो.

भाषेच्या तासाला निबंध, व्याकरण व शुद्धलेखन यांना स्थान आहे, ते तसेच राहावे. परंतु ज्या मुलाला 'मला वाईट वाटले' हे वाक्य योग्य वेळी, योग्य माणसाला, न रडता व न मारता सांगता आले, त्याचा भाषेचा एक मोठा धडा पूर्ण झाला असे समजण्यास हरकत नाही.